माझ्या कादंबरीची पोथी झाली

मी कादंबऱ्या लिहिते हे आमच्या गावात सगळ्यांना माहीत होतं आणि त्या कोणीही वाचलेल्या नव्हत्या. ही व्यवस्था मला फार सोयीची होती. आमच्याकडे लेखक म्हणजे अर्ज लिहून देणारा माणूस. शाळेतून येऊन चप्पल काढते न काढते तोच कोणीतरी ओसरीवर बसलेलं असायचं. "म्याडम, तुमी लेखक आहा, त एक अर्ज लिहून द्या." विजेचा खांब वाकला, रेशनकार्डावरचं नाव गळलं, नहराचं पाणी धानाच्या बांधीत येत नाही, असे कितीतरी अर्ज मी लिहिले. त्यातले बरेचसे मंजूरही झाले. कादंबऱ्यांबद्दल मला असं छातीठोकपणे सांगता येणार नाही.

माझं माहेर तिरोड्याचं. बाबा राइस मिलमध्ये फिटर होते. त्यांची रात्रपाळी असली की दिवसभर घरात आवाज करायला बंदी, आणि मी तर जन्माची बडबडी. बोलता येईना म्हणून मी लिहायला लागले. शेजारणीचं भांडण, बाबांचं घोरणं, बोकडाच्या मागे धावत सुटलेला मामा, सगळं वहीच्या मागच्या पानांवर. माझ्या साहित्यप्रवासाची सुरुवात कशी झाली असं मुलाखतीत विचारतात तेव्हा काहीतरी भारदस्त सांगावंसं वाटतं, पण खरं कारण बाबांची झोप हेच आहे.

पुढे गोंदियाकडच्या गोरेगावजवळच्या या गावात लग्न होऊन आले, हायस्कूलला मराठी शिकवू लागले आणि पहिली कादंबरी लिहून पुण्याच्या प्रकाशकाकडे पाठवली. तिकडच्या संपादकबाईंचा फोन आला. मजकूर आवडला म्हणाल्या, फक्त 'काऊन' म्हणजे काय आणि माणसं सारखी 'राहून' का राहतात ते तळटिपेत द्या. मी टिपा दिल्या: 'काऊन' म्हणजे का, आणि 'करून राहिली' म्हणजे करते आहे. दुसऱ्या कादंबरीला दिल्या नाहीत. तेवढा माज आला होता. गोंदियात पुस्तकांच्या दुकानात मी स्वतःच्या चार प्रती ठेवायला गेले तेव्हा दुकानदार काउंटरवर हात टेकून म्हणाला, "मॅडम, नॉवेल कौन लेता है इधर? पुलिस भरती का गाइड लिखो ना, मैं सौ कॉपी अभी उठाता हूँ." आठवण आली की मला अजून हसू येतं, आणि अधूनमधून तो गाइड लिहावा असंही वाटतं.

पण लिहिण्यासाठीची खरी शिष्यवृत्ती मला सरकारने दिली नाही की कुठल्या संस्थेने. ती दिली माझ्या सासूने. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मला पहाटे उठून लिहीत बसलेली आईंनी पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळची चूल आपल्या ताब्यात घेतली. मी उठायला लागले की म्हणायच्या, "बस, तुह्यं लिहिन्याचं काम आहे ना, ते कर." आईंना अक्षरओळख नाही. मी काय लिहिते हे त्यांनी कधी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. पुस्तक छापून आलं की त्या त्याला हळदकुंकू वाहायच्या, देवघरात ठेवायच्या आणि शेजारपाजारी पेढा वाटायच्या. तीन कादंबऱ्या त्या सकाळींवर झाल्या. त्या सकाळी नसत्या तर मी आज फक्त अर्जलेखक असते.

आणि तिसऱ्या कादंबरीत मी आईंना मारलं होतं.

म्हणजे असं, की त्या कादंबरीत एक म्हातारी होती. आमच्या व्यवसायात अशा वेळी 'प्रेरणा' वगैरे शब्द वापरतात. मी म्हातारीचा रंग बदलला, गाव बदललं, तिला एक मुलगा जास्तीचा दिला. पण तिची गुडाखूची डबी, म्हणजे दातांना घासायच्या त्या काळ्या तंबाखूची डबी, ती काही मला बदलवेना. भात शिजला का हे झाकण न काढता नुसत्या वासावरून सांगणं बदलवेना. कोंबड्यांना नातलगांची नावं ठेवून त्यांना शिव्या देणं तर मुळीच बदलवेना. कादंबरीचा शेवट जवळ आला आणि त्या म्हातारीला मरणं भाग पडलं. चौदाव्या प्रकरणात ती एकटीच मरते. सून शहरात सत्कार घ्यायला गेलेली असते, तिचा फोन पर्समध्ये आवाज बंद करून ठेवलेला असतो, आणि निरोप कळल्यावरही ती कार्यक्रम संपेपर्यंत उठत नाही. समीक्षकांना हे प्रकरण फार आवडलं. 'अस्वस्थ करणारे' असं दोघांनी लिहिलं.

त्या कादंबरीला नागपूरच्या एका संस्थेचा पुरस्कार मिळाला आणि पेपरात माझा फोटो आला. तिथून सगळं बिघडलं.

आमच्या गावात धानाची रोवणी आटोपली की बायका दुपारच्या मोकळ्या होतात आणि मारुतीच्या देवळात पोथी लागते. पोथी वाचणारा एक आणि अर्थ सांगणारा दुसरा. वाचणारा थोडं वाचून थांबतो, मग अर्थ सांगणारा त्या ओळींचं मर्म उलगडतो, मग पुढे. आमच्याकडे वाचायला एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर काका आणि अर्थ सांगायला भजन मंडळाच्या काकी. त्या वर्षी काका जरा घाईने वाचत गेले आणि पोथी लवकर संपली. बायकांना तर दुपारी देवळात बसायची सवय लागलेली. आता काय लावायचं यावर चर्चा सुरू झाली तेव्हा आईंनी लुगड्याचा पदर सारखा करून सांगितलं, "माह्या सुनेचं पुस्तक लावा. पेपरात आलं आहे."

मी शाळेतून आले तोवर माझी कादंबरी लाल कापडात गुंडाळून चौरंगावर बसली होती. मुखपृष्ठावर सायकलवर बसलेल्या मुलीचं चित्र होतं, तिच्या कपाळाला कोणीतरी कुंकू लावलेलं. पुढे उदबत्ती, नारळ, केळी. मी म्हटलं, "अहो, ही कादंबरी आहे, पोथी नाही." काकी म्हणाल्या, "पुस्तकच आहे ना? देवासमोर ठेवलं का झालं."

काकांनी चष्मा चढवला आणि वाचायला लागले. उभी हयात गर्दीच्या गाडीत थांबे पुकारण्यात गेलेली, त्यामुळे आवाज खणखणीत आणि प्रत्येक स्वल्पविरामाला गाडी थांबल्यासारखा दम. पहिल्याच पानावर नायिका बसची वाट पाहत उभी असते आणि बस येत नाही. तिथे काका थांबले आणि काकींनी अर्थ सांगितला. "बस म्हनजे काय? बस म्हनजे सद्गुरू. तो त्याच्या टायमावर येते, आपल्या टायमावर नाही येत." बायकांनी माना डोलावल्या. फक्त काका जरा नाराज दिसले. त्या मार्गावर त्यांची गाडी होती.

मी दाराशी उभी राहून ऐकत होते. मला खरं सांगायचं तर रागच आला होता. मी एवढं जीव तोडून वास्तव लिहिलं आणि या बाईने पहिल्या पानावरच त्याचं भजन केलं. पण थोड्या वेळाने लक्षात आलं की देवळात कोणी चुळबूळसुद्धा करत नाही. पुण्या-नागपूरच्या सभागृहांत मी माझं लिखाण वाचून दाखवलं आहे. तिथे पाचव्या मिनिटाला लोक मोबाइल काढतात. इथे एक बाई तान्ह्या पोराला पाजता पाजता ऐकत होती आणि पोराने रडायला तोंड उघडलं तर त्याच्या तोंडावर पदर टाकत होती.

दुसऱ्या प्रकरणात म्हातारी आली. तिने गुडाखूची डबी कनवटीतून काढली तेव्हाच दोघीतिघींनी मागे वळून आईंकडे पाहिलं. मग तिने कोंबडीला नणंदेच्या नावाने शिवी घातली आणि अख्खं देऊळ हसलं. मी भिंतीला टेकून डोळे मिटून घेतले. ऐकू आला तो आईंचा आवाज. "हे मीच आहो ना वं?"

रागाचा नव्हता तो आवाज. आईंचा चेहरा इतका फुललेला मी त्यांच्या मुलाच्या लग्नातही पाहिला नव्हता, आणि त्या लग्नात मी होतेच. दुसऱ्या दिवसापासून त्या पेटीतलं ठेवणीतलं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसू लागल्या. म्हातारीचं वाक्य आलं की लोक आईंकडे पाहून हसत आणि आई सत्कारमूर्तीसारख्या मान हलवत. काका म्हातारीचे संवाद आईंच्या आवाजात वाचायला लागले. घरी आल्यावर त्या मला म्हणाल्या, "तुले सगळं ध्यानात राहते वं पोरी. मी बोलली काय, तू लिहिलं काय." मी "हो आई" म्हणून भांडी घासायला बसले आणि घासलेलंच पातेलं पुन्हा घासत राहिले.

कारण चौदावं प्रकरण येऊन राहिलं होतं.

बरं, हे श्रोते नुसते ऐकणारे असते तरी चाललं असतं. पण पोथी ऐकायची म्हणजे त्यात भाग घ्यायचा, ही आमच्या लोकांची रीत. पोथीत देवाचा जन्म आला की पाळणा हलवायचा, स्वयंवर आलं की अक्षता टाकायच्या. माझ्या नायिकेने गोंदियाला जाऊन रजिस्टर लग्न केलं, घरच्यांना न सांगता, तीन साक्षीदार आणि एक पंखा एवढ्याच साक्षीने. मला ते प्रकरण कोरडं हवं होतं, तसंच लिहिलं होतं. काकांनी "दोघांनी सह्या केल्या" असं वाचलं आणि माझ्या पुस्तकावर, चौरंगावर, काकांच्या टकलावर पिवळ्या अक्षता पडल्या. बायका सकाळीच तांदूळ रंगवून आल्या होत्या. पुढे नायिकेला मुलगी झाली त्या दिवशी एकीने लाकडी पाळणा डोक्यावरून आणला आणि त्यात माझी कादंबरी ठेवून झोका दिला. पाळणा म्हटला, सुंठवडा वाटला. नायिका मास्तरीण झाली तेव्हा बुंदी आली. मी सुंठवडा खाल्ला, बुंदी खाल्ली आणि मनाशी विचार करत राहिले की मरणाच्या प्रकरणाला हे लोक काय करतील.

मी काकांना बाजारात गाठलं. म्हटलं, "काका, चौदावं प्रकरण गाळा ना. तेराव्यावरून सरळ पंधराव्यावर या. कोणाला कळणार नाही." काकांनी हातातली वांगी पिशवीत टाकली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विनातिकीट सापडले होते. "म्याडम, पोथीतलं पान सोडता येत नाही. एकदा लावली का शेवटपर्यंत वाचाच लागते. अर्धी सोडली त गावाले बरं नाही."

मग मी नवऱ्याला सांगितलं. तो गोरेगावला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. मोटार उघडल्यावर काय जळलं आहे ते त्याला लगेच दिसतं, तसं त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण आईले मारलं काऊन?"

"कादंबरीची गरज होती."

"बिमार पाडाची होती. दवाखान्यात ठेवाची होती."

त्याच्याशी साहित्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. तोडगा मात्र त्यानेच काढला. चौदाव्या प्रकरणाच्या सुमारास आईंना नवेगावबांधला, माझ्या नणंदेकडे, चार दिवस नेऊन सोडायचं. नणंदेनेही फोन केला, तलावातली ताजी मासोळी आहे, ये म्हणून. मासोळी म्हटलं की आई एरवी पिशवी न भरताच निघतात. पण आईंनी फोनवर साफ सांगितलं, "मी नाही येत. इथं माही पोथी चालू आहे."

माही पोथी. मला रडू आलं. आईंनी वर्षानुवर्षं मला लिहायला सकाळचा वेळ दिला होता, आणि त्याच वेळात बसून मी त्यांना एकटीने मरायला लावलं होतं, हे त्यांना अख्ख्या गावासमोर, त्यांच्याच आवाजाची नक्कल करणाऱ्या माणसाच्या तोंडून कळणार होतं. त्यांनी बोलणं सोडलं असतं तर मी काय केलं असतं मला ठाऊक नाही. चूल मी सांभाळली असती. पण ज्या घरात आई माझ्याशी बोलत नाहीत त्या घरात मला एक ओळ लिहिता आली नसती, हे नक्की.

त्या दिवशी मी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली. देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी ओट्यावर पत्ते खेळत असल्याचं सोंग करून ऐकणारे पुरुषही आज सरळ आत येऊन बसले होते. काकांनी पुढचं पान आधी वाचलेलं असावं, कारण त्यांनी आवाज बसल्याची सबब सांगून दोनदा पाणी प्यायलं. आई पहिल्या रांगेत, ठेवणीतल्या लुगड्यात.

काकांनी वाचलं. म्हातारीने चुलीवर भात ठेवला. कोंबड्यांना दाणे टाकले. छातीत कळ आली म्हणून भिंतीला टेकून बसली. भात शिजल्याचा वास आला आणि तो उतरवायला कोणी नव्हतं. मग शहरातलं सभागृह, सुनेच्या पर्समधला फोन, निरोप, आणि टाळ्या संपेपर्यंत खुर्चीवर बसून राहिलेली सून. पहिल्यांदाच काका थांबे न घेता वाचत गेले. संपल्यावर त्यांनी सवयीने काकींकडे पाहिलं. काकींनी अर्थ सांगितला नाही. त्या आपल्या बांगड्या मागेपुढे करत राहिल्या. सगळं देऊळ आईंकडे पाहत होतं, आणि मी जमिनीकडे.

आई गुडघ्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"मी मेली, ते ठीक आहे," त्या म्हणाल्या. "वय झालं, मराच लागते. भात जळला अशीन, ते बी ठीक. पण हे सून कोन होय?"

मीच मान वर करून म्हटलं, "ती काल्पनिक आहे, आई. मनाने रचलेली."

"मी खरी आणि सून कायले रचलेली?" आई आता देवळाकडे तोंड करून बोलत होत्या, माझ्याकडे नाही. "तुमाले मालूम आहे ना सगळ्यायले? मले ताप भरला तवा हे शाळा सोडून गोंदियाच्या दवाखान्यात माह्या खाटेपाशी बसून राहे. नर्सबाई म्हने, घरी जा. हे जाये नाही. आणि पुस्तकात लिहून राहिली का सून टाळ्या वाजवत बसली. दूर दूरचे लोकं वाचतीन. तिले काय म्हनतीन?" मग काकांकडे वळल्या. "भाऊ, पुढं वाच. पोथी अर्धी नाही ठेवाची. पण पयले सांग सगळ्यायले का हे झूट आहे. माही सून अशी नाही."

निवृत्त कंडक्टरने माझी पुरस्कारप्राप्त कादंबरी कपाळाला लावली आणि त्याच खणखणीत आवाजात जाहीर केलं, "हा अध्याय झूट आहे. म्याडम अशा नाहीत." बायकांनी हात जोडले. मी तिथेच, चपलांच्या ढिगाशेजारी बसून हुंदके देऊन रडले. ज्या बाईला दुखवलं म्हणून मी भीत होते, ती मला वाचवायला उभी राहिली होती, तेही माझ्याच पुस्तकापासून. काकींना तेवढ्यात सूर सापडला. त्या म्हणाल्या, "पाहा, हाच अर्थ आहे." कशाचा, ते त्यांनी सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही.

समाप्तीला गावजेवण झालं. पुरी, वांग्याची भाजी, कढी आणि खीर. वाढायला मी आणि आई. एक बाई पत्रावळीवरून वर पाहत म्हणाली, "काऊन वं, तू त चौदाव्यात मेली होती ना? खीर कशी वाढून राहिली?" आई म्हणाल्या, "तुह्या तेराव्याची खाऊन मंग जाईन." पंगत इतकी हसली की एकाला ठसका लागला.

मी पुऱ्यांची टोपली घेऊन त्यांच्या मागे चालले होते. पंगतीच्या टोकाला पोचल्यावर त्या थांबल्या, खिरीचं भांडं कमरेवर सावरलं आणि मला एकटीलाच ऐकू येईल असं बोलल्या.

"आता चवथं लिहिशीन ना?"

"लिहीन, आई."

"पुन्हा मारशीन त मार मले, खुशाल मार. पण तू माह्यापाशी राहजो."

"राहीन," मी म्हटलं, आणि त्यांच्या हातातलं भांडं घेतलं.